ध्यान सुरू केल्यापासून डोळे लगेच भरून येतात, घरात आणि धंद्यात कसं वागायचं?

मागवाला_वडगाव

नमस्कार मंडळी. बेळगाव वडगावचा आहे, घरचे पॉवरलूम आहेत, साडीचं काम. हातकणंगल्याजवळ आळत्याला विपश्यनेचं केंद्र आहे तिथे 10 दिवसांचं शिबिर केलं आणि तेव्हापासून सकाळी माग सुरू व्हायच्या आत बसतो, संध्याकाळी जमेल तसं. राग बराच कमी झालाय, हे बायको पण म्हणते. झोप चांगली लागते.

पण एक वेगळंच व्हायलंय. मला वाटलेलं ध्यान केलं की माणूस शांत होतो, म्हणजे कशाचं काही वाटत नाही असं. इथे उलट झालंय, सगळंच जास्त वाटायलंय. आमच्याकडे एक जुने कामगार आहेत, कन्नड बोलणारे, माझ्या लहानपणापासून आमच्याच मागावर आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. परवा सूत उतरवताना ते सहज त्यांच्या पोरीच्या दवाखान्याचं बोलले आणि माझा गळाच दाटून आला, पुढे बोलताच येईना. माझी पोरगी शाळेतनं येऊन काहीतरी सांगत असते तेव्हा नुसतं तिच्याकडे बघूनच भरून येतं. एसटीत शेजारी कोण म्हातारी बसली तरी तिचे हात बघत बसतो. वाईट वाटतं असं नाही हो, उलट आतनं मोकळं वाटतं, पण हे लोकांसमोर होतंय त्याचं काय करायचं.

बाबा म्हणतात पोरगं ढिलं पडलंय, धंदा बुडवणार. व्यापारी दर पाडून मागतो तेव्हा पण मला त्याच्या चेहऱ्यावरचं टेन्शन दिसतं, आधी दिसत नव्हतं. आमच्या घरात पुरुष माणूस रडलेला मी तरी बघितलेला नाही, आजोबा गेले तेव्हा पण बाबा उभे राहून सगळं बघत होते.

तर प्रश्न असा की हे बरोबर चाललंय काय? की ध्यानात काहीतरी चुकायलंय? आणि बरोबर असेल तर रोजच्या व्यवहारात हे कसं सांभाळायचं, कुणी करत असाल तर सांगा.

---

खानापूरचा_भाऊ

दादा राग मानू नका पण मला तुमच्या बाबांचं पटतं. माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, गिऱ्हाईकाला एकदा कळलं की हा माणूस मऊ आहे की तो दुसऱ्या दिवशी उधारी मागतो आणि महिनाभर तोंड दाखवत नाही. मन घरात ठेवायचं आणि गल्ल्यावर हिशोब ठेवायचा. ध्यान करा, चांगलंच आहे, पण सगळ्या जगाचं दुःख अंगावर घेऊन माग कसा चालणार? काळजीनं सांगायलोय, आमच्या ओळखीत एक भला माणूस असाच दुसऱ्यांना देऊन देऊन कर्जात गेला.

---

निपाणीची_सिस्टर

मी निपाणीची, नर्स आहे, वॉर्डात ड्युटी असते. मी पण गोएंका गुरुजींच्या, म्हणजे ही विपश्यनेची शिबिरं ज्यांनी सुरू केली त्यांच्या परंपरेतलीच साधक, बरीच वर्षं झाली. दादा आधी एक सांगते, घाबरू नका. शिबिरात आठवत असेल बघा, पहिले 3 दिवस नुसता श्वास म्हणजे आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं. रोज असं शरीर बघायची सवय लागली की ध्यानात नसताना पण शरीरात काय चाललंय ते कळायला लागतं. गळा दाटणं, छातीत भरून येणं, पोटात गोळा येणं, हे सगळं आधी पण होतच असणार, तेव्हा तुम्हाला फुरसत नव्हती एवढंच. मागाच्या खटखटीत शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, माग थांबला की येते, तसं आहे.

आता व्यवहाराचं. माझ्या कामात रोज कुणाचं तरी कोण जातं. नातेवाईक गळ्यात पडून रडतात. तेव्हा मी काय करते तर पहिलं पाय. पाय जमिनीला लागलेत ते जाणवू द्यायचं. मग गळ्यात जे काय होतंय त्याच्याकडे एक-दोन श्वास लक्ष द्यायचं, त्याला घालवायचं नाही आणि वाढवायचं पण नाही. एवढ्यात साधारण आवाज परत येतो. डोळ्यात पाणी असलं तर असू दे की, पाणी असताना सलाईन लावता येतं. हात थरथरायला लागले तर मात्र मी बाजूला जाते आणि दुसऱ्या सिस्टरला बोलावते, कारण तिथे पेशंट महत्त्वाचा.

खानापूरच्या दादांना एक सांगायचंय. उधारी द्यायची की नाही हा निर्णय, आणि समोरच्याचं दुःख जाणवणं ही संवेदना. दोन्ही एकत्र बांधलेत म्हणून मऊ माणूस बुडतो असं वाटतं. समोरचा अडचणीत आहे हे पूर्ण जाणवून सुद्धा "यावेळी जमणार नाही" म्हणता येतं, आणि ते जास्त नीट म्हणता येतं, आवाज चढवावा लागत नाही. मी रोज लोकांना नको असलेल्या गोष्टी सांगते, भेटायची वेळ संपली, आत दोघांना सोडता येणार नाही, अजून डॉक्टर आले नाहीत. मन दगड करून सांगितलं की भांडण होतं.

---

हिंदवाडी_काकू

बाळ, तुझं वाचून बरं वाटलं. मी शाळेत शिकवत होते, आता रिटायर होऊन घरीच असते. आमच्याकडे इंचगेरी संप्रदायाचा नेम आहे, सासूबाईंपासून. म्हणजे रोज ठरल्या वेळी नामस्मरण करत बसायचं, बाकी काही अवडंबर नाही. गुरुदेव रानडे याच परंपरेतले, जमखंडीत 1886 ला जन्म, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, शेवटी निंबाळला राहिले आणि 1957 ला तिथेच गेले. कन्नड संत आणि मराठी संत दोघांवर त्यांनी सारख्याच जिव्हाळ्यानं लिहिलंय. आपल्या हिंदवाडीत त्यांच्या नावाचं मंदिर आहे, अभ्यासाची अकादमी आहे, कधी सवडीनं जाऊन बस, फार शांत जागा आहे.

मी हे का सांगायले, तर आपल्याकडे भक्तीत डोळ्यात पाणी येणं ही लाजायची गोष्ट कधीच नव्हती. अष्टसात्त्विक भाव म्हणतात, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. आवाज फुटणं आणि अश्रू दोन्ही त्यात आहेत, तुझा गळा दाटतो तो स्वरभंगच की. कीर्तनात पंचा डोळ्याला लावून बसलेले शेतकरी मी लहानपणापासून बघितलेत, चांगले दणकट गडी. आषाढीला आपल्या भागातनं पण दिंड्या जातात, तिथे एकमेकांच्या पाया पडताना किती जणांचे डोळे कोरडे असतात? म्हणजे पुरुष रडत नाही हे काही पूर्वापार नाही, रडायला एक जागा होती. देवासमोर, दिंडीत, कीर्तनात चालायचं, घरात आणि पेढीवर नाही. तुझं आता त्या जागेबाहेर पण व्हायलंय म्हणून बाबांना कसंतरी वाटतंय, ते मला समजतं.

पण एक, अश्रू आले म्हणजे साधना फार पुढे गेली असं समजू नकोस. नेमात आम्हाला हेच सांगतात की भाव येतो जातो, नाम चालू ठेवायचं. आला तर अडवू नको, नाही आला तर वाट बघत बसू नको. काही लोकांना पुढे पुढे त्या भरून येण्याचीच गोडी लागते आणि ते सारखं तेच शोधतात. तसं होऊ देऊ नको.

---

मागवाला_वडगाव

सगळ्यांचे आभार, एवढं कोण लिहील असं वाटलं नव्हतं. सिस्टर ताई, पायाचं करून बघतो.

खानापूरचे दादा म्हणाले त्यावरनं खरी अडचण लिहितो, मघाशी लिहायचं राहिलं. मामांनी उचल मागितलीय. पोरीचं ऑपरेशन आहे म्हणून. आधीची उचल अजून फिटलेली नाही आणि सुताचा दर वाढलाय, माल पडून आहे, माझ्याकडे आत्ता तेवढा पैसा नाही. बाबा म्हणतात अजिबात द्यायची नाही, आधीची फिटू दे. मला मात्र त्यांच्यासमोर उभं राहिलं की सगळं देऊन टाकावं असं वाटतं, बायकोचा दागिना गहाण टाकायचा पण विचार आला. आणि मग दिवसभर त्यांना टाळतो, मागाकडे जातच नाही. मोकळं मन आणि टाळाटाळ एकाच दिवशी. हे कसं सोडवायचं?

---

मानस_धारवाड

मी मूळचा शहापूरचा, सध्या धारवाडला असतो, मानसशास्त्र शिकवतो. थोडं लांबणार, सांभाळून घ्या.

तुम्ही शेवटी लिहिलंय ना, सगळं देऊन टाकावं वाटतं आणि मग टाळतो, ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. ओल्गा क्लिमेकी आणि टानिया सिंगर या संशोधकांनी यावर काम केलंय, 2014 ला छापून आलं. त्यांनी लोकांना दुसऱ्यांच्या त्रासाचे व्हिडिओ दाखवले. आधी त्या लोकांना समोरच्याचं दुःख स्वतःत जाणवून घ्यायचं शिकवलं, तर व्हिडिओ बघताना त्यांचा स्वतःचा त्रास वाढला. मग त्याच लोकांना करुणेचं शिकवलं, म्हणजे समोरच्याचं बरं व्हावं ही ऊब मनात धरायची, तर तेच दुःख बघताना त्रास कमी झाला आणि चांगल्या भावना वाढल्या. मेंदूत पण दोन्ही वेळा वेगवेगळे भाग जागे झालेले दिसले. म्हणजे दुःख जाणवणं ही पहिली पायरी झाली, पण तिथेच अडकलं की माणूस एकतर स्वतःचा त्रास घालवायला काहीही देऊन टाकतो नाहीतर पळतो. दोन्हीत लक्ष स्वतःच्या त्रासाकडे असतं, मामांकडे नसतं.

ही गोष्ट जुन्या लोकांना माहीत होती. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी विशुद्धिमग्ग या ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद, आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे, म्हणजे मनाच्या चार चांगल्या अवस्थांचे, जवळचे आणि लांबचे शत्रू सांगितलेत. करुणेचा लांबचा शत्रू क्रूरता, ते कुणालाही कळतं. जवळचा शत्रू मात्र शोक, करुणेसारखाच दिसणारा. आणि उपेक्षा म्हणजे समता, तिचा जवळचा शत्रू बेफिकिरी. मला हे फार उपयोगी वाटतं, कारण तुमच्या घरात बाबा आणि तुम्ही या दोन जवळच्या शत्रूंच्या मधे उभे आहात. बाबा बेफिकीर आहेत असं म्हणत नाही हं, ज्या माणसानं आपल्या वडिलांच्या मयतीत उभं राहून सगळं केलं त्याला काही वाटलं नसेल हे मी मानणार नाही.

दाबून ठेवण्याबद्दल पण सांगतो. अमेरिकेत ग्रॉस आणि लेव्हनसन यांनी 1997 ला एक प्रयोग छापला, लोकांना दुःखाचे प्रसंग असलेली फिल्म दाखवली आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. दिसणं कमी झालं, पण वाटायचं ते कमी झालं नाही, आणि हृदय रक्तवाहिन्यांवरचा ताण उलट वाढला. पुढे 2003 मध्ये एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी बोलणाऱ्या जोड्यांवर बघितलं, त्यात एकीनं भावना दाबल्या तर समोर बसलेल्या दुसरीचा रक्तदाब वाढला, जिला यातलं काही सांगितलेलं पण नव्हतं. म्हणजे घरात एकजण सगळं गिळून बसला की बाकीच्यांच्या शरीराला ते कळतं.

पण याचा अर्थ सगळं सगळ्यांसमोर बोलायचं असा होत नाही. आपण मनात पूर्ण मोकळं असावं, बोलावं मात्र कुणासमोर, कधी, किती हे बघून. दर पाडणाऱ्या व्यापाऱ्यासमोर तुम्ही काही उघडं करायची गरज नाही. मामांसमोर आहे.

एक साधी गोष्ट करता येते, भावनेला नाव द्यायचं. मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या अभ्यासात असं दिसलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया कमी होते. मामा समोर आले की मनातल्या मनात म्हणायचं, भीती वाटायलेय, किंवा लाज वाटायलेय. बहुतेक वेळा आपण दया दया म्हणत असतो आणि निम्मी लाज असते, की आपण मालक आणि आपल्याला जमत नाही.

शेवटचं. भरून येतं पण मोकळं वाटतं, झोप चांगली, काम चालू, हे चांगलं लक्षण आहे. पण झोप उडाली, जेवण तुटलं, रडणं थांबेना, आपण आपल्यात नाही असं वाटायला लागलं, किंवा जगायला नको असे विचार आले, तर बसायचे तास वाढवू नका. शिबिराच्या आचार्यांना सांगा आणि डॉक्टरला पण दाखवा. धारवाडला डिमहान्स म्हणून मानसिक आजारांचा सरकारी दवाखाना आहे, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, 2022 पासून चालू, पैसे लागत नाहीत. ध्यानामुळे काही जणांना त्रास होतो हे खरं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

---

निपाणीची_सिस्टर

सरांनी छान सांगितलं. त्यांच्या नाव देण्याबद्दल एकच जोडते, आपल्या साधनेत बसलेलं असताना नाव द्यायचं नाही, तिथे नुसती संवेदना बघायची, नाहीतर दोन पद्धती मिसळतात. नाव देणं बसून उठल्यावरचं, व्यवहारातलं.

आणि मामांचं. दादा, त्यांना टाळू नका, तेवढं एक करा. पैसा किती देता यापेक्षा तुम्ही मागाकडे येत नाही हे त्यांना जास्त लागत असणार. गरिबाला नकार नवीन नसतो हो, मी वॉर्डात बघते, त्यांना तोंड फिरवलेलं लागतं. जाऊन सांगा, मामा एवढे जमतील, एवढे जमत नाहीत. आणि ऑपरेशनचा खर्च खरंच तेवढा आहे काय ते आधी बघा. त्यांचं रेशन कार्ड बीपीएल असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेतनं बरंच होतं, सरकारी दवाखान्यात जाऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, विचारा. कागदपत्रासाठी तुम्ही त्यांच्याबरोबर एक दिवस गेलात तर तो दिवस उचलीपेक्षा जास्त कामाला येईल. कन्नडमधला फॉर्म असतो, त्यांना वाचता येत नसेल तर तुम्हाला वाचावा लागेल.

---

खानापूरचा_भाऊ

सिस्टर ताई, तुमचं "जमणार नाही" चं पटलं. खरं सांगू, मी उधारी नाही म्हणतो तेव्हा आवाज चढवूनच म्हणतो, नाहीतर माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही. हे असं कधी बघितलं नव्हतं. आणि दादा, आयुष्मानचं नक्की बघा, आमच्या वाड्यात एकाचं झालंय.

---

मागवाला_वडगाव

आज गेलो मामांकडे. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारीच बसलो. सांगितलं किती जमतंय ते, आणि माझ्याकडे का नाही ते पण सांगितलं, सुताचं आणि पडून राहिलेल्या मालाचं. बोलताना डोळ्यात पाणी आलं, पुसलं आणि बोलत राहिलो. ते म्हणाले मला माहीत आहे, मालाचे गठ्ठे मीच मोजतोय की. सोमवारी दोघं मिळून सरकारी दवाखान्यात जाणार आहे, रेशन कार्ड बीपीएलच आहे.

काकू, बाबांशी कसं बोलू ते सांगा. त्यांना अजून मी सांगितलेलं नाही की थोडी उचल देतोय म्हणून. लपवायचं नाहीये मला.

---

हिंदवाडी_काकू

सोमवारच्या आधीच सांग, दुसऱ्याकडनं कळायच्या आत. आणि ध्यानाचा विषय काढू नकोस, त्यांना तो तुझ्याबद्दलचा वाद वाटणार. वही घेऊन बस त्यांच्यासमोर, आधीची किती राहिली, नवीन किती देतोयस, दर आठवड्याच्या मजुरीतनं किती कापायचं ते मामांशी ठरवलंय ते दाखव. धंद्यातला माणूस आहे, वही समजते त्यांना. रागावले तर रागावू दे, मधे उत्तर देऊ नको, तुझं बसणं तिथे कामाला येऊ दे.

आणि मग कधीतरी, त्याच दिवशी नाही, मामा कामाला कधी लागले ते विचार त्यांना. आजोबांच्या वेळचं असणार. बाबांना सांगायला आवडेल. तू नुसतं ऐक, त्यांच्या डोळ्यात काही दिसलं तरी बोलून दाखवू नको.

---

मागवाला_वडगाव

बरं काकू. रविवारी वही घेऊन बसतो.

सिस्टर ताई, अजून एक विचारायचं होतं. शिबिराच्या दहाव्या दिवशी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं मंगल चिंतायचं, ती शिकवली, ती मी घरी करतच नाही, वेळ संपली की उठतो. ती रोज करायची असते काय? आणि मनात गडबड असताना करायची की नाही?

---

निपाणीची_सिस्टर

रोज करायची, बसणं झालं की शेवटी काही मिनिटं. पण अंगात खळबळ असेल, राग असेल तर आधी थोडा वेळ आनापान, श्वास जरा बसू दे, मग. जबरदस्तीनं सगळ्यांचं मंगल होवो म्हणत बसलं की नुसते शब्द होतात. आधी ज्याच्याबद्दल सहज येतं तिथनं सुरू केलं तरी चालतं, मुलगी आहे की तुमची. नंतर मामा, बाबा, आणि तो दर पाडणारा व्यापारी. तुमच्या भागात जुन्या साधकांची सामूहिक साधना कुठे असते ते आळत्याच्या केंद्रावर फोन करून विचारा, ते सांगतात. आणि हे भरून येण्याचं सगळं तिथल्या सहाय्यक आचार्यांना पण एकदा सांगा, त्यांनी असे बरेच बघितलेले असतात.